तीस सेकंदांची धार

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या हातून आजवर एकही काम बिघडलेलं नाही. जी बिघडली ती दुसऱ्या कोणीतरी मध्ये तोंड घातल्यामुळे. ही हकिकतही त्यातलीच आहे. फक्त यात मध्ये तोंड घालणारा माणूस मीच होतो, एवढाच काय तो फरक.

साल २००३, महिना डिसेंबर. आमचं संकुल मीरा रोडला, पूनम सागरच्या पुढे, पेणकरपाड्याच्या अंगाला. ए, बी, सी, डी अशा चार इमारती. आम्ही डी. बिल्डरनं चारही इमारतींना मिळून एकच मोठी टाकी बांधली आणि एकच पाइप काढला. तो ए पासून निघून बी, सी करत आमच्यापर्यंत येतो. म्हणजे पाइप येतो, पाणी वाटेतच राहतं. ए विंगमध्ये लोक शॉवरखाली गाणी म्हणायचे. आमच्याकडे पहाटे पावणेसहा ते सहा वाजून पाच मिनिटं, अंगणातल्या एका नळाला करंगळीएवढी धार. तीही सलग नाही. खोकायची, थांबायची, डावीकडे उडायची, उजवीकडे उडायची. गच्चीवरच्या टाकीत चढायचं तिच्यात बळच नव्हतं. बिऱ्हाडं सोळा आणि नळ एक.

आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर. माझी बायको शुभदा, तिचा उजवा खांदा दोन महिन्यांपासून आखडलेला. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलेलं, तर ती डाव्या हातानं उचलायची. मग मी काय करायचो, असं तुम्ही विचाराल. मी रांगेचं नियोजन बघायचो. सोळा बिऱ्हाडांची रांग म्हणजे कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा राहायचो आणि लक्ष ठेवायचो. वरून सगळं नीट दिसतं.

कुठल्या इमारतीचा व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरवायचं चारही इमारतींच्या फेडरेशननं. अध्यक्ष पंढरीनाथ देवळेकर, निवृत्त इंजिनियर, मुक्काम ए विंग. माणूस सज्जन, पण कागदावर दिसल्याशिवाय सूर्य उगवला हेसुद्धा मान्य न करणारा. दर डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सभा व्हायची, वेळांचा तक्ता ठरायचा, तो भिंतीवर लागायचा आणि मग वर्षभर ब्रह्मदेव आला तरी बदलायचा नाही.

"काशीनाथ, तोंडी तक्रारी मी पाच वर्षं ऐकतोय," देवळेकर मला म्हणाले. "पुरावा आणा. पुरावा असेल तर तक्ता बदलतो. नसेल तर पुढच्या डिसेंबरला भेटू."

पुढचा डिसेंबर शुभदाच्या खांद्याला परवडणारा नव्हता. हे मी गमतीनं सांगत नाही. झोपेत कूस बदलताना ती दात आवळायची, ते मला शेजारी ऐकू यायचं. मला फार वाईट वाटायचं. वाईट वाटलं की मला एका जागी बसवत नाही, आणि एका जागी बसवलं नाही की मला कल्पना सुचतात.

मी डी विंगच्या लोकांना जमवून सांगितलं, "पुरावा मी देतो. असा फोटो काढतो की देवळेकरांना त्यात आपली पळापळ दिसेल. नुसती माणसं नाही, हालचाल! ती दिसली की तक्ता बदललाच म्हणून समजा."

ही हालचालीची कल्पना मला व्हिक्टरमुळे सुचली होती. व्हिक्टर माझ्या ऑफिसातला, राहणारा उत्तनचा. नोकरी सांभाळून लग्नाचे फोटो काढायचा. त्यानं मला एकदा उत्तनच्या किनाऱ्याचा फोटो दाखवला. खडक जागच्या जागी आणि त्यांच्याभोवती समुद्र म्हणजे नुसती साय.

"हे कसं केलंस?" मी विचारलं.

"कॅमेऱ्याचा पडदा तीस सेकंद उघडा ठेवायचा," व्हिक्टर म्हणाला. "लाटा येतात, जातात, सगल्या एकावर एक बसतात. पन एक ध्यानात ठेव, यात जो हलतो ना, तो..."

"तो पकडला जातो!" मी म्हणालो. "समजलं. कॅमेरा दे."

"आयक तरी पुरतं. पकडला न्हाय जात, तो..."

"व्हिक्टर, इथं लोकांच्या पाण्याचा प्रश्न आहे. बाकीचं नंतर सांग."

त्यानं कॅमेरा दिला, तिवई दिली, पडदा उघडा ठेवायची वायर दिली आणि छत्तीस फोटोंचा रोल आत भरून दिला. निघताना तो पुन्हा काहीतरी सांगत होता. मी रिक्षात बसलो होतो.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला मी अंगणात तिवई उभी केली. माझी चूक एवढीच की फोटो काढणार हे मी आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आमच्या लोकांना फोटो म्हणजे काय वाटतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. एकशे एकच्या मनोरमाबाई मोरपिशी पैठणी नेसून कळशी घेऊन आल्या. तीनशे एकच्या जागृतीबेन लग्नातला हार घालून. कळश्या चिंच लावून घासलेल्या. रोज याच नळावर "मेरा नंबर पहले था" म्हणून एकमेकींच्या सात पिढ्या काढणाऱ्या या बाया कॅमेरा दिसताच ओळीनं उभ्या राहिल्या आणि हसल्या.

"अहो, भांडा ना," मी म्हणालो.

"फोटोत?" मनोरमाबाई म्हणाल्या. "माझ्या भावाकडे जाईल तो फोटो."

"रोज कशा ढकलाढकली करता, तसं करा."

"पहले आप लो, मनोरमाबेन," जागृतीबेन म्हणाल्या.

"नाही नाही, तुम्ही आधी."

वीस मिनिटं पाणी येत होतं आणि वीस मिनिटं दोघी एकमेकींना आग्रह करत होत्या. मग प्रत्येकीला कळशीसकट आपला एकटीचा फोटो हवा झाला. नाही म्हणावं तर शेजार तुटतो. सगळे जण तीस तीस सेकंद श्वास रोखून असे उभे राहिले की एरवी त्यांना कोणी तसं उभं राहायला सांगितलं असतं तर पोलिसात गेले असते. सत्तावीस फोटो त्यातच संपले. रोलमध्ये उरले नऊ.

शुभदा तेवढी घरच्याच साडीत होती. ती म्हणाली, "तुम्हाला खरी धावपळ हवी असेल तर कोणाला न सांगता काढा."

"तेच मी ठरवलं होतं," मी म्हणालो. ठरवलं नव्हतं. पण आता ठरवलं.

शनिवारी पहाटे मी कोणालाही, शुभदालासुद्धा, न सांगता खाली उतरलो आणि मीटर रूममध्ये शिरलो. मीटर रूमचं दार म्हणजे लोखंडी जाळी, आणि समोरच नळ. त्यामागे वॉचमनची केबिन आणि केबिनवर दिव्याखाली गोल घड्याळ. जाळीच्या मागे तिवई लावली, अंगावर काळी शाल घेतली आणि वाट बघत बसलो. आमचा वॉचमन दुबे गस्त घालत आला, मीटर रूमचं दार नुसतंच ओढलेलं बघून "कोई ध्यान नहीं रखता" असं पुटपुटला, बाहेरून कडी घातली आणि निघून गेला.

ओरडावं तर गुप्तता गेली. न ओरडावं तर मी आत अडकलो. मी पुराव्याच्या बाजूनं निर्णय घेतला.

पावणेसहाला नळ खोकला आणि बिल्डिंग खाली उतरली. काय ती धावपळ! आदल्या दिवसाचा सगळा सभ्यपणा भरून काढायचा असल्यासारख्या बाया भांडत होत्या. त्यात आमच्याकडचे डास. मागे मिठागरं, कांदळवन, डासांना काही कमी नाही. कोणी पायावर चापट मारतंय, कोणी पाठीवर, कोणी दुसऱ्याच्या पाठीवर. एकही माणूस दोन सेकंद स्थिर नव्हता. मला जे हवं होतं ते समोर साक्षात घडत होतं. मी पडदा उघडला आणि मोजू लागलो. एक, दोन, तीन...

"ऐका," मनोरमाबाईंचा आवाज आला. "मीटर बोलतोय."

"क्या बोलता है?"

"आकडे मोजतोय. अठरा, एकोणीस..."

"हाय राम," जागृतीबेन म्हणाल्या. "इसीलिए बिल इतना आता है."

मी आवाज खाली घेतला. दर दोन मिनिटांनी एक याप्रमाणे नऊ फोटो काढले. डासांनी मलाही सोडलं नव्हतं, पण कॅमेरा हलू नये म्हणून मी अंग चोरून सहन केलं. आयुष्यात इतका वेळ मी पहिल्यांदाच गप्प उभा होतो. सहा-पाचला नळ आटला. ज्यांना मिळालं त्या कळश्या घेऊन वर गेल्या, बाकीच्या शिव्या घालत गेल्या. मी जाळी वाजवली. कडी काढली ती शुभदानं. तिच्या डाव्या हातात कळशी होती, रिकामी.

"तुम्ही इथे?" ती म्हणाली. "मला वाटलं गॅलरीत असाल."

"पुरावा तयार आहे," मी म्हणालो. "उद्या बघ."

माझ्या चेहऱ्यावर डासांनी इतकी टेंगळं केली होती की तिनं आधी मला तोंडाला खोबरेल लावायला वर पाठवलं.

रोल धुवायला भाईंदर पश्चिमेला, व्हिक्टरच्या नेहमीच्या लॅबमध्ये दिला. रविवारी दुपारी त्याचंच तिथं काम होतं, म्हणून पाकीट त्यालाच आणायला सांगितलं. संध्याकाळी पाच वाजता अंगणातल्या शेडमध्ये सभा भरली. चारही विंगचे मिळून पन्नासेक लोक. मी शेवटून पहिल्या खुर्चीपर्यंत आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत फेऱ्या मारत होतो. देवळेकरांनी दोनदा "काशीनाथ, बसा" म्हटलं, दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. तेवढ्यात गेटमधून व्हिक्टर आला. त्याचा चेहरा मला काही बरा वाटला नाही, पण लग्नाचा सीझन होता, दमला असेल म्हटलं.

"काशीनाथ, तू आधी बाजूला ये," तो म्हणाला. "एकदा बघून घे. मी तुला सांगत होतो ना, जो हलतो..."

"सगळ्यांसमोरच बघू. पुरावा कसा, बंद पाकिटातला असावा." आणि मी पाकीट त्याच्या हातातून घेऊन थेट अध्यक्षांच्या हातात दिलं. "साहेब, डी विंगची हालत. तुमच्या डोळ्यांनी बघा."

देवळेकरांनी चष्मा लावला. पहिला फोटो बघितला. दुसरा बघितला. दहा-बारा भराभर बघितले.

"हे हळदीकुंकू आहे का?" त्यांनी विचारलं.

मी मान वाकडी करून बघितलं. पैठणी, हार, चकचकीत कळश्या आणि हसरे चेहरे. सगळं इतकं स्वच्छ आलं होतं की मनोरमाबाईंच्या नथीतले मोतीसुद्धा मोजता येत होते. "साहेब, ती तालीम होती," मी म्हणालो. "शेवटचे नऊ बघा. त्यात खरी गर्दी आहे."

देवळेकरांनी शेवटचे नऊ काढले. बराच वेळ बघत राहिले. मग ते फोटो त्यांनी सभेत फिरवले. ए विंगच्या पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "वा! कुठला धबधबा?"

मी फोटो ओढून घेतला. अंगण रिकामं होतं. सोळा बिऱ्हाडांमधलं एक माणूस औषधाला नाही. मनोरमाबाई नाहीत, जागृतीबेन नाहीत, कोणी नाही. जमिनीलगत थोडं धुकं साचल्यासारखं दिसत होतं, तीच आमची डी विंग असावी. कळश्या मात्र ओळीनं शांत उभ्या. आणि मधोमध नळ. त्यातून मनगटाएवढी जाड, पांढरीशुभ्र, सलग धार कोसळत होती. आमचा तो खोकणारा नळ! तीस सेकंदांत डावीकडे, उजवीकडे, सरळ असं जे जे पाणी उडालं, ते सगळं एकाच धारेत जमा झालं होतं.

आणि एकच माणूस स्पष्ट दिसत होतं. कोपऱ्यात उलट्या बादलीवर, भिंतीला डोकं टेकून, उजवा हात मांडीत घेऊन बसलेली शुभदा. नऊच्या नऊ फोटोंत तिथंच.

"पाणी भरपूर आहे," देवळेकर म्हणाले. "गर्दी नाही. एक बाई निवांत बसल्या आहेत. काशीनाथ, असं पाणी तर ए विंगलासुद्धा येत नाही."

सगळी सभा हसली. डी विंग हसली नाही. मनोरमाबाईंनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी अजून विसरलो नाही. देवळेकरांनी जुनाच तक्ता पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं.

शुभदा उठली. सभेत ती कधी बोलत नाही. ती पुढे आली, नऊ फोटो डाव्या हातानं गोळा केले आणि देवळेकरांच्या टेबलावर पत्ते मांडावेत तसे ओळीनं मांडले.

"साहेब, धारेचं सोडा. नळाखालच्या कळशीवर खोलीचा नंबर रंगवलाय, तो वाचा," ती म्हणाली. "आणि मागचं घड्याळ बघा."

देवळेकरांनी खिशातून भिंग काढलं. त्यांच्या खिशात भिंग असतं. "पाच शेहेचाळीस, दोनशे दोन," ते वाचू लागले. "पाच अठ्ठेचाळीस, दोनशे दोन. पाच पन्नास, दोनशे दोन." पुढचे तीन फोटो, एकशे तीन. त्यापुढचे तीन, तीनशे एक. ते थांबले. "सहा-सहा मिनिटांना एक कळशी? एवढ्या धारेला?"

"एवढी धार असती तर कळशी अर्ध्या मिनिटात भरली असती," शुभदा म्हणाली. "मी निवांत बसले नव्हते. माझा नंबर यायचा होता. तो आला नाही. आणि मी हलले नाही, कारण हलले की खांदा दुखतो."

देवळेकरांनी भिंग खाली ठेवलं.

"पण मग माणसं कुठे गेली?" देवळेकरांनी विचारलं.

"आता तरी मला पुरतं बोलू द्याल?" मागून व्हिक्टर म्हणाला. तो माझ्याकडे बघत होता. मी तोंडावर हात ठेवला. "साहेब, पडदा इतका वेल उघडा ठेवला की जो हलतो तो फोटोत रहात न्हाय. पुसला जातो. आनि तुटक्या पान्याची जुलून एक धार होते. एवढंच वाक्य मी याला महिनाभर सांगतोय, पन हा पुरतं आयकेल तर शपथ."

देवळेकरांनी कागदावर आकडेमोड केली. तीन कळश्या, पंधरा पंधरा लिटरच्या, पंचेचाळीस लिटर. भागिले सोळा बिऱ्हाडं. "घरटी तीन लिटरसुद्धा नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणजे चहा करा, नाहीतर तोंड धुवा." मग त्यांनी जुना तक्ता मधोमध फाडला. त्यांना कागद फाडताना आमच्यापैकी कोणीच कधी बघितलं नव्हतं. नव्या तक्त्यात पहिलं नाव डी विंगचं, पहाटे पाच ते सहा, बाकी तिन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून. गच्चीवर पाणी चढवायला नवा पंप फेब्रुवारीपर्यंत बसणार. तोवर खालूनच भरायचं, पण भरपूर.

डी विंगनं टाळ्या वाजवल्या. मनोरमाबाईंनी मला माफ केलं आणि पैठणीतल्या फोटोच्या चार कॉप्या मागितल्या. एक धबधब्याचा फोटो मोठा करून देवळेकरांनी फेडरेशनच्या ऑफिसात लावला. त्यांच्या मते तो फार सुंदर आहे.

त्या दिवसापासून आमच्या बिल्डिंगला एक खोडच लागली. अंगण झाडायला या म्हटलं आणि कोणी आलं नाही, की दुसऱ्या दिवशी सांगतात, "होतो की! हलत होतो, म्हणून दिसलो नाही."

घरी येताना जिन्यात माझी छाती पुन्हा फुगली होती. शेवटी पुरावा माझ्याच कॅमेऱ्यानं दिला होता. कॅमेरा व्हिक्टरचा होता, पण बोट माझं होतं. मी शुभदाला म्हणालो, "बघितलंस ना शास्त्र? जो सारखा धावपळ करतो, तो जगाला दिसत नाही. या घरासाठी मी किती राबतो ते तुला का दिसत नाही, हे आज कळलं असेल."

"कळलं ना," शुभदा म्हणाली. कुलूप उघडताना तिनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. "लग्नाला सतरा वर्षं झाली. तुम्ही पाणी भरताना मला एकदाही दिसला नाहीत. फारच जोरात भरत असणार."

सोमवारपासून पाणी मी भरतो. चार मजले, आठ कळश्या. मध्ये मध्ये जिन्यात उभा राहतो, प्रत्येक वळणावर मोजून तीस सेकंद. मनोरमाबाईंना वाटतं, मला दम लागतो. तसं काही नाही. दिसायला नको का?